विषय: 5,898 रुपये 82 पैसे आणि माझी स्वतःची कथा परत मिळणेबाबत

प्रति,
ग्राहक सेवा विभागप्रमुख (असा कोणी असल्यास)

आज सकाळी 11 वाजून 40 मिनिटांनी तुमच्या हेल्पलाइनला केलेला माझा पाचवा फोन संपला. संपला म्हणजे पलीकडून ठेवला गेला. चारच मिनिटांत मेल आला: 'तुमची तक्रार सोडवण्यात आली आहे. अनुभवाला किती तारे द्याल?' तारे राहू देत, हे पत्र घ्या. ते तुमच्या लिखाणाच्या अ‍ॅपमध्ये लिहिलेलं नाही. गूगल डॉक्समध्ये लिहिलंय, फुकट.

चौदा महिने मी दरमहा 499 अधिक 18 टक्के जीएसटी, म्हणजे 588 रुपये 82 पैसे, बिनतक्रार भरले. ऑगस्टात तुम्ही मला परस्पर वार्षिक प्लॅनवर नेऊन बसवलं. अ‍ॅप उघडल्यावर 'नव्या रूपात पाहा' अशी पाटी आली. खाली ठसठशीत हिरवं बटण, 'सुरू ठेवा'. त्याच्याखाली राखाडीवर राखाडी अक्षरांत 'मासिकच राहू दे'. मी हिरवं दाबलं. मला कथा उघडायची होती, बटणांचा अभ्यास करायचा नव्हता. पैसे कापण्याच्या 24 तास आधी कळवायचं असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, त्याप्रमाणे बँकेचा मेसेजही आला होता. तो मी 588.82 असा वाचला. होता 5,898.82. चष्म्याचा नंबर बदललाय, हे मान्य. पण हे दोन आकडे इतके सख्ख्या भावंडांसारखे दिसतात, हे कौशल्य तुमचं.

दुसऱ्याच दिवशी फोन करून प्लॅन रद्द करायला सांगितलं. तो मात्र तुम्ही तत्परतेने केलात. पैसे परत नाहीत, कारण वार्षिक प्लॅन नॉन-रिफंडेबल. प्लॅन रद्द झाला म्हणून मी फुकट खात्यावर, फुकट खात्यात तीनच फाइली उघडतात, म्हणून उरलेल्या 41 फाइलींना कुलूप. पैसेही तुमच्याकडे आणि लिखाणही तुमच्याकडे. माझ्या वाट्याला आलेल्या तीन फाइली अशा: किराण्याची यादी, सोसायटीच्या पाण्याबद्दलचा अर्ज, आणि 'नवीन दस्तऐवज 2', जो कोरा आहे.

दिवाळी अंकाची कथा त्या 41 मध्ये आहे. संपादकांनी गणपतीच्या आत मागितली होती.

आता आजच्या फोनबद्दल. 22 मिनिटं होल्ड. 'मराठीसाठी तीन दाबा' म्हणून तीन दाबलं, तर 'जी मॅम, बताइए'. मी मराठीच बोलत राहिले तेव्हा तोही मराठीवर आला, आणि खरं सांगते, मराठी चांगलं होतं त्याचं. नाव सांगितलं होतं त्याने, पण इथे लिहीत नाही. पोराच्या नोकरीवर गदा नको, त्याला जे शिकवलं तेच तो बोलला.

मी म्हटलं, पैशांचं नंतर बघू, आधी कथा उघडून द्या.

"मॅम, कथा तुमचीच आहे. फक्त अ‍ॅक्सेस प्लॅनचा आहे."

"म्हणजे घर माझं आणि दार तुमचं?"

"हो मॅम, एक्झॅक्टली!"

त्याला ते मनापासून पटलं. मग थोडा वेळ की-बोर्डची टकटक. मग त्याने विचारलं, "किती पानं आहेत मॅम?" मला वाटलं, पोरगा काहीतरी मार्ग काढतोय. आशेने सांगितलं, बारा-तेरा असतील.

"मग परत लिहा ना मॅम. तुम्ही रायटर आहात ना? तुमच्या तर लक्षात असेल."

मी गप्प. गॅसवर दूध होतं, ते उतू जाताना दिसत होतं, तरी जागची हलले नाही. माझ्या गप्प बसण्याचा अर्थ त्याने होकार असा घेतला असावा, कारण पुढे म्हणाला, "आणि दुसऱ्यांदा लिहिलं की जास्त चांगलं होतं, मॅम."

हे वाक्य संपादकांनी म्हटलं असतं तर ऐकून घेतलं असतं.

कथेत एक सासू आहे. जाण्याआधी ती सुनेला काय म्हणते, ते वाक्य मी नऊ वेळा बदललं. नववं तुमच्या सर्व्हरवर आहे. मला पहिली आठच आठवतात. 'परत लिहा ना मॅम.'

पैसे द्यायला मी कां-कूं करणारी नाही. साठवणीसाठी गूगल वनचे महिन्याला 130 रुपये भरते. बोलून टाइप करायला जीबोर्ड आहे, फुकट. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची 1857 ची आवृत्ती शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर आहे, तीही फुकट, आणि मराठी विश्वकोशही तसाच. तुम्हाला 588 रुपये देत होते ते एकाच गोष्टीसाठी: तुमचं अ‍ॅप जुने खर्डे जपतं, कुठल्या दिवशी कुठलं वाक्य खोडलं ते दाखवतं. लिहिणाऱ्या बाईला याचं मोल कळतं. ते तुम्हालाही नेमकं कळलेलं दिसतंय.

आणि 'आता मराठीतही' या जाहिरातीबद्दल. तुमच्या पीडीएफमध्ये 'पिठलं'चं 'पठिलं' होतं आणि 'दुसऱ्या'चं 'दुसर्या'. पहिल्या महिन्यात कळवलं होतं. उत्तर आलं, 'लवकरच'. तरी मी टिकून राहिले, एकेक वेलांटी हाताने जागेवर आणत. चौदा महिने.

आमचं ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 पासून वाचकांना पुस्तकं देतंय. वर्गणी थकली तर फार तर नवं पुस्तक मिळणार नाही. कुणी घरी येऊन माझी वही उचलून नेत नाही.

सात दिवसांत पैसे आणि सगळ्या 41 फाइली मिळाल्या नाहीत तर आधी 1915 ला, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, फोन. केंद्र सरकारने 30 नोव्हेंबर 2023 ला डार्क पॅटर्नची, म्हणजे ग्राहकाला चकवणाऱ्या स्क्रीनवरच्या क्लृप्त्यांची, 13 प्रकारांची यादी काढली आहे, त्यातल्या एका प्रकाराचं नावच 'सबस्क्रिप्शन ट्रॅप' आहे. तुमच्या हिरव्या बटणाचा स्क्रीनशॉट माझ्याकडे आहे. त्यानंतर ग्राहक आयोग. तुमचं ऑफिस कुठल्याही शहरात असो, 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे मी राहते त्या ठाण्यातच तक्रार करता येते, आणि एवढ्या रकमेला फी शून्य. तारखांना मी स्वतः येईन. चालत जाण्याइतकं जवळ आहे.

पैसे एक वेळ उशिरा द्या. कथा आधी द्या. आणि कृपा करून पुन्हा तारे मागू नका.

तुमची चौदा महिन्यांची ग्राहक,
नौपाडा, ठाणे (प.)

ता.क. कथेचं नाव 'दुसऱ्या घरची चावी'. शोधताना 'दुसर्या' असं टाइप करा. तुमच्याकडे ती तशीच सापडेल.