गुलाबजाम आणि करपलेलं पातेलं

सातारा

चि. ओंकार यास,
अनेक आशीर्वाद.

तुझी आई ताईच्या बाळंतपणाला नाशिकला गेली, त्याला आज अठरा दिवस झाले. बाळ-बाळंतीण खुशाल आहेत. मीही जिवंत आहे.

पहिले चार दिवस वरण-भातावर आणि शेजारच्या काकूंच्या कृपेवर काढले. पाचव्या दिवशी टीव्ही लावला तर 'गुलाबजाम' लागला होता. २०१८ साली आला तेव्हापासून तू मागे लागला होतास, 'बाबा, बघाच.' स्वयंपाक खायचा असतो, त्याचा सिनेमा काय बघायचा, असं माझं म्हणणं. पण बघितला एकदाचा, आणि मधल्या जाहिरातींनाही उठलो नाही.

लंडनमधली चांगली नोकरी सोडून तो सिद्धार्थ चांदेकर पुण्यात येतो. कशाला, तर मराठी स्वयंपाक शिकायला! असं तू केलं असतंस तर मी काय म्हटलं असतं, ते तुला ठाऊक आहे. मनासारखं शिकवणारं कोणी भेटत नाही. मग एका डब्यातला गुलाबजाम तोंडात टाकतो आणि तो कोणी केला, हे शोधत थेट त्या बाईच्या दारात जाऊन उभा राहतो.

इथं मला आमची मेस आठवली. १९८३ साली सदाशिव पेठेत खोली करून राहायचो. आमटीत डाळ शोधावी लागे. पण रविवारी दुपारी फीस्ट! गुलाबजाम माणशी दोन, मोजून. पाक मात्र हवा तेवढा. एक तिथंच खायचा आणि दुसरा पाकासकट डबीत घालून खोलीवर न्यायचा, कारण रविवारी रात्री मेस बंद. रात्री पाव आणि पाक. दोन वर्षं खाल्ले, पण ते करतं कोण, हे बघायला मी एकदाही आत डोकावलो नाही. घरी तरी कुठं डोकावलो म्हणा.

सोनाली कुलकर्णीची राधा मला फार आवडली. तुसडी बाई. शिकवायला तयारच नाही, आधी त्याला नुसतं राबवून घेते. तिच्या अपघाताची आणि कोमाची गोष्ट मला जरा जास्तीची वाटली, पण तिनं ती निभावून नेली. दिग्दर्शक सचिन कुंडलकर, म्हणजे 'गंध'वालाच. त्यात वासावर तीन गोष्टी केल्या होत्या, म्हणजे या माणसाचं नाक पहिल्यापासूनच तिखट.

दुसऱ्या दिवशी मी पाव किलो खवा आणला. हसू नकोस. मळला, थोडा मैदा घातला, गोळे केले. पहिला घाणा बाहेरून काळा आणि आतून कच्चा. आईला फोन लावला.

"तेल किती तापवलंत?"

"धूर येईपर्यंत."

पलीकडे बराच वेळ शांतता.

"अहो, भजी नाहीत ती. गॅस बारीक करा, तेल जरा निवू द्या आणि आधी एक छोटी गोळी सोडून बघा. तळाशी गेली पाहिजे, मग सावकाश वर आली पाहिजे."

"तळायचं किती वेळ?"

"रंग येईपर्यंत."

"कुठला रंग?"

"गुलाबजामचा!"

पण गोळी खरोखर तळाशी गेली, जरा वेळ बसली आणि अंगाभोवती बुडबुडे घेऊन हळूच वर आली. मी ओट्याशी उभा राहून एकटाच हसलो.

मग पाक बिघडला. मी चांगला दोनतारी केला, त्यामुळे तो आत शिरेचना, गोळ्यांवर साखरेचं चिलखत चढलं. पुन्हा फोन. बोटाला नुसता चिकट लागला की पुरे, तारेपर्यंत न्यायचाच नाही आणि गुलाबजाम गरम पाकात सोडायचे, असं कळलं. चाळीस वर्षं हे स्वयंपाकघर माझ्या खुर्चीपासून दहा पावलांवर आहे.

दुसरा पाक करताना खवेवाल्याशी फोनवर बोलत बसलो आणि पातेलं करपलं. हे तिचं आवडतं, जाड बुडाचं. तीन दिवस सोडा घालून ठेवलंय, काथ्यानं घासलंय, पण तळाशी महाराष्ट्राच्या नकाशाएवढा डाग आहेच. सध्या ते माळ्यावर, गणपतीच्या मखरामागे आहे. आई गुरुवारी येतेय. तू फोनवर काही बोलू नकोस.

तिच्यासाठी सात गुलाबजाम फ्रिजमध्ये ठेवलेत. त्यातले दोन गोल आहेत.

तुझा,
बाबा