जमिनीवर राहिलेली शिडी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दुबईच्या एअर शोमध्ये २१ नोव्हेंबर २०२५ला आपलं तेजस कोसळलं आणि विंग कमांडर नमांश स्याल गेले. दुसऱ्या दिवशी आपण आगीचा लोळ चार कॉलमी छापलात, आणि स्याल यांचा चेहरा टपाल तिकिटाएवढा. मजकुरात ‘चित्तथरारक कसरती सुरू असतानाच’ असं होतं. खडकवासल्याच्या एनडीएतल्या दीक्षांत संचलनाच्या बातमीतही दर सहा महिन्यांनी हाच ‘चित्तथरारक’ येतो, सोबत डोळ्यांचे पारणे फेडतो. दोन्हीकडे एकच शब्द चालतो, याचं मला नेहमी नवल वाटतं.

मी वैमानिक नव्हतो. हवाई दलात एअरफ्रेम फिटर होतो, नोकरी विमानाच्या पोटाखाली गेली. शेवटचं पोस्टिंग पुण्याच्या लोहगाव तळावर झालं म्हणून इथेच धानोरीत राहिलो. त्यामुळे सोसायटीच्या कट्ट्यावर विमानाचं काही निघालं की माना माझ्याकडे वळतात. या वेळी पहिला प्रश्न होता, “काका, त्यानं उडी का नाही मारली?”

त्यांना सिंहगडाचं उदाहरण दिलं. पायथ्यापासून गडाचा माथा साधारण साडेसातशे मीटर. तासाला ७०० किलोमीटर वेगाचं विमान सेकंदाला सुमारे १९५ मीटर जातं. म्हणजे माथ्याच्या उंचीवरून नाक सरळ खाली करून निघालं, तर चार सेकंदांत पायथा. शोमधल्या कसरती बऱ्याचदा याहूनही खाली चालतात, कारण लोकांना दिसायला हव्यात. इजेक्शन सीट जमिनीवर उभ्या विमानातूनही माणसाला वाचवते हे खरं, पण विमान वेगानं खाली येत असेल तर तिलाही उंची लागते. आणि निर्णय घ्यायला माणसाला क्षणभर तरी लागतो. त्यातून तो वैमानिक असेल तर आधी विमान सावरायला बघतो. कट्ट्यावर हे ऐकून सगळे गप्प झाले. मग एकानं मोबाइल काढून तोच व्हिडिओ पुन्हा लावला.

दुसरा प्रश्न तेलगळतीचा. शोमध्ये उभ्या तेजसखाली काहीतरी टपकत असल्याची चित्रफीत दुर्घटनेच्या आधीपासूनच फिरत होती. ते पाणी होतं. दमट हवेत विमानाच्या वातानुकूलन आणि ऑक्सिजनच्या यंत्रणेत पाणी साठतं, ते मुद्दाम काढून टाकतात. घरच्या एसीची नळी गॅलरीत टपकते, तसंच. सरकारनं लगेच खुलासाही केला होता. पण अपघात झाल्यावर तीच फीत ‘पुरावा’ म्हणून परत आली, आणि आमच्या ग्रुपवर ती पाठवणारे गृहस्थ निवृत्त बँक अधिकारी आहेत. त्यांच्या हिशेबातल्या एका पैशावर कुणी असा ठपका ठेवला असता, तर त्यांनी आकाशपाताळ एक केलं असतं.

तेजस २०१६ पासून हवाई दलात आहे. त्याचा पहिला अपघात मार्च २०२४ मध्ये जैसलमेरजवळ झाला, तेव्हा वैमानिक सुखरूप बाहेर पडला. दुबईचा दुसरा, आणि यात माणूस गेला. कारण कोर्ट ऑफ इन्क्वायरी, म्हणजे हवाई दलाची चौकशी, शोधेल. आमच्या थेऊरजवळ २०१४ साली सुखोई उसात पडलं, तेव्हाही निकाल आधी चहाच्या टपरीवर लागला होता. दोन्ही वैमानिक वाचले म्हणून तो विषय चार दिवसांत संपला, एवढंच.

मला खरं लिहायचं होतं ते वेगळंच. अपघातानंतर काही वेळानं दुबईत उड्डाणं पुन्हा सुरू झाली. अमेरिकी हवाई दलाच्या एफ-१६ चमूनं मात्र आपलं शेवटचं प्रात्यक्षिक रद्द केलं. त्या चमूच्या वैमानिकानं नंतर जे लिहिलं, त्यातलं एक चित्र माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. विमान उभं राहायची जागा रिकामी, तिच्याशेजारी भारतीय तंत्रज्ञ उभे, आणि विमानाची शिडी जमिनीवर पडलेली. इतक्या बातम्या वाचल्या, पण शिडी फक्त त्याला दिसली.

ती शिडी मी लावलेली आहे. दुबईत नाही, दुसरीकडे, फार वर्षांपूर्वी. आमच्या तळावरचं एक विमान सकाळी गेलं ते आलंच नाही. वैमानिक चढला की शिडी काढून बाजूला ठेवायची, चोक, म्हणजे चाकांना लावलेले अडसर, काढायचे, आणि विमान परत येईपर्यंत दोन्ही तिथेच. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत ती उचलायला कुणी पुढे झालं नाही. त्याआधीच विमानाचा फॉर्म ७००, म्हणजे देखभालीची नोंदवही, ताब्यात गेला होता, इंधनाच्या बाउझरला (टँकरला) सील लागलं होतं, आणि अवजारांच्या बोर्डावरचा प्रत्येक पाना मोजून झाला होता. फॉर्मवर माझी सही होती. ‘आपलंच काही राहिलं का’ हे मनात घोकत तीन रात्री पडून काढल्या. चौकशीत कारण वेगळंच निघालं. तरीही आज कुणी सहज ‘मेंटेनन्स नीट नसणार’ म्हणालं, की मला तो बोर्ड दिसतो.

चौथ्या दिवशी उड्डाणं सुरू झाली. वैमानिक आला, विमानाला फेरी मारली, ‘सब ठीक?’ विचारलं. एरवी तो इतकंच विचारून वर चढायचा. त्या दिवशी त्यानं हात पुढे केला. माझे हात ग्रीसनं माखलेले होते.

म्हणून ‘शो चालू ठेवला यात काय चुकलं, हवाई दलात असंच असतं’ असं म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. पुन्हा उडावं लागतंच, पण त्यासाठी तीन दिवस लागतात, निदान एक रात्र तरी. फेब्रुवारी २०१९ मध्ये बेंगळुरूला सरावात हवाई दलाच्या सूर्यकिरण या कसरतींच्या चमूतल्या दोन विमानांची टक्कर झाली आणि विंग कमांडर साहिल गांधी गेले. दुसऱ्या दिवशी एअरो इंडियाचं उद्घाटन झालंच, पण त्यात आकाशात ‘मिसिंग मॅन’, म्हणजे गेलेल्याची जागा रिकामी ठेवणारी, रचना होती. २०१० मध्ये हैदराबादच्या बेगमपेटला नौदलाच्या ‘सागर पवन’ चमूचं विमान पडलं, दोन अधिकारी गेले. तो चमू नंतर उडलाच नाही. दोन्हींपैकी योग्य काय, यावर आमच्यासारख्यांत अजून वाद होतात, पण निवेदकानं त्याच उत्साहात पुढचं विमान पुकारावं, असं कुणीच म्हणत नाही.

आपल्याकडे मागणी एकच. कोर्ट ऑफ इन्क्वायरीचा निष्कर्ष येईल त्या दिवशी तो याच पानावर, याच आकारात छापा. आणि तो लोळ तेव्हा पुन्हा वापरू नका, चेहरा वापरा.

महिनाअखेरीस खडकवासल्याला संचलन आहे. सलामीची विमानं लोहगावहून निघाली तर आमच्या गच्चीवरून दिसतील. नातू ‘आजोबा, चला’ म्हणून मागे लागेल. तो तोंडानं आवाज काढत नाचतो, मी मोजत असतो. जाताना किती, येताना किती.

– एक निवृत्त एअरमन, धानोरी, पुणे