भुताआधी गाव उभे करा

माननीय संपादक महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतील अद्भुतकथांत ड्रॅगनच्या जागी मुंजा, हडळ, चकवा दिसू लागले, याचे स्वागत आहे. मात्र ज्या चालीरीतींतून ही भुते जन्मली, त्यांचा या कथांत मागमूस नसतो.

मुंज झाल्यावर पण सोडमुंजेपूर्वी वारलेला मुलगा मुंजा होऊन पिंपळावर राहतो, अशी समजूत आहे. तेव्हा ज्या कल्पित राज्यात उपनयनच नाही, तिथे मुंजा येणार कुठून? आणि जिथे तो संस्कार मोजक्या जातींपुरता आहे, तिथे भुतालाही जात चिकटते. बाळंतपणात दगावलेली स्त्री हडळ होते, या समजुतीमागे सुईण आहे, बाळंतिणीची अंधारी खोली आहे. आणि त्याच घरात सटवाई बाळाच्या कपाळी नशीब लिहायला येणार म्हणून कोरा कागद व लेखणी मांडून ठेवलेली असते. तिचा लेख वाचता येणारे कोणी त्या राज्यात असेल काय, त्यांना राजा पदरी ठेवील की देशोधडीला लावील, एवढे विचारले तरी कथानक हाती येते.

आपल्या नागपुरात तर याचा जिवंत नमुना आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे बाईच्या रूपातले भले मोठे पुतळे, यांची मिरवणूक ‘इडा पिडा घेऊन जा गे मारबत’ अशा आरोळ्यांत निघते. काळ्या मारबतीची प्रथा १८८१ पासूनची. तिचा संबंध कोणी पूतनेशी, तर कोणी इंग्रजांना मिळाल्याचा ठपका असलेल्या, नागपूरच्या राजघराण्यातील बाकाबाई भोसल्यांशी जोडतात. सोबतचे बडगे, म्हणजे पुरुषरूपी पुतळे, महागाई, भ्रष्टाचार असा दरवर्षी नवा राक्षस उभा करतात. पुराण, राजकारण आणि रोगराईची धास्ती एकाच पुतळ्यात सामावून तो गावाबाहेर जाळणारे शहर आयते समोर असताना लेखकांनी परक्या किल्ल्यांत का रमावे, हे मला उमगत नाही.

रोजच्या जगण्याचे तपशीलही जपायला हवेत. रिद्धपूरला सिद्ध झालेल्या तेराव्या शतकातील लीळाचरित्रात, म्हणजे चक्रधरस्वामींच्या आठवणींच्या ग्रंथात, त्या काळचे जेवणखाण, वाटचाल, देवळांतले मुक्काम विपुल सापडतात. तरीही यादवकालीन वळणाच्या कथेतला पहारेकरी खुशाल मिरचीचा ठेचा खातो. मिरची आपल्याकडे पोर्तुगिजांमार्फत, सोळाव्या शतकात आली. कल्पित जगात ती असू नये असे नव्हे, पण तिथे ती कोणत्या बंदरातून आली आणि तिच्यावर जकात कोण घेतो, हे निदान लेखकाला ठाऊक असावे.

आपला,
एक वाचक, महाल, नागपूर