भांडे घेताना ते भरून उचलून पाहावे

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीत बिडाच्या आणि लोखंडी भांड्यांवर आलेला लेख वाचला. लोखंडी कढईतल्या भाजीतून थोडे लोह पोटात जाते आणि बिडाच्या तव्यावरून घावन सुरेख सुटते, याबद्दल माझे दुमत नाही. मात्र ती कढई शेगडीवरून खाली उतरवायची कोणी, हा प्रश्न त्या लेखात कुठेच आला नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

माझे वय 64 असून उजव्या अंगठ्याच्या बुडाशी असलेला सांधा झिजलेला आहे. मागच्या पावसाळ्यात सांडशीने धरलेले वरणाचे पातेले हातातून निसटले आणि ओट्यावरून खाली सांडलेले वरण पायावर आले. भाजले थोडेच, पण तेव्हापासून घरातले प्रत्येक भांडे मी वजनकाट्यावर ठेवून पाहिले. मुलाने हौसेने आणलेली बिडाची कढई झाकणासकट चार किलो भरली, तीही रिकामी. अॅल्युमिनियमपेक्षा लोखंड आणि स्टील सुमारे तिपटीने जड असतात, हे शाळेत शिकले होते; ते मनगटाला कळायला साठी उलटावी लागली.

मनगटाला केवळ वजन त्रास देत नाही, ते वजन हातापासून किती लांब आहे यावरही बरेच अवलंबून असते. लांब दांड्याच्या फ्रायपॅनमध्ये भार टोकाला असतो आणि तो तोलण्याचे सगळे काम एकट्या मनगटावर पडते. सांडशीचे त्याहून वाईट, कारण पातेले एका काठाला धरले की बाकीचे सगळे खाली ओढत राहते आणि ते सुटू नये म्हणून आपण मूठ आणखी आवळतो. अंगठा आणि बोटे यांच्या चिमटीत जेवढा जोर आपण लावतो, त्याच्या कितीतरी पट दाब अंगठ्याच्या बुडाच्या सांध्यावर येतो. म्हणून दुखऱ्या हातांना दोन्ही बाजूंना कान असलेले भांडे बरे. मात्र ते कान चारही बोटे आत जातील एवढे रुंद हवेत आणि भांड्यापासून पुरेसे सुटे हवेत, म्हणजे जाड फडक्यासकट हात आत शिरेल आणि बोटांची मागची बाजू तापलेल्या कडेला लागणार नाही. आपल्याकडच्या पुष्कळ कढयांचे कान जेमतेम दोन बोटांचे असतात.

दांडा बारीक पट्टीचा असला तर तो गच्च धरावा लागतो. थोडा जाड, गोलसर आणि न घसरणारा असला तर सैल मुठीतही राहतो. अमेरिकेत 1990 साली सॅम फार्बर यांनी जाड, मऊ मुठीचे सोलाणे बाजारात आणले, ते त्यांच्या पत्नीला हाताच्या संधिवातामुळे सोलताना त्रास होई म्हणून, आणि पुढे ज्यांचे हात धडधाकट होते त्यांनीही ते घेतले. आपल्याकडची पत्र्याची सोलाणी आणि किसण्या मात्र आजही बहुतेक बोटांत रुतणाऱ्याच मिळतात.

तुळशीबागेतल्या एका दुकानात तीन लिटरचे पातेले हातात घेतले तेव्हा ते अगदी हलके वाटले. विक्रेत्याला म्हटले, यात पाणी भरून द्या. तो आधी हसला, मग पिण्याच्या पाण्याच्या बाटल्या त्यात रिकाम्या केल्या. दोन लिटर पाण्याचे दोन किलो होतात हे काही गुपित नाही, तरी भरलेले पातेले ओतायच्या पवित्र्यात कलते करताच मनगटातून कळ गेली आणि ते मी तिथेच ठेवून दिले. मग दोन कानांचे, एका कडेला चोच असलेले पातेले घेतले. चोच असली की हात फारसा न वळवता धार नीट पडते.

हलके तेच चांगले, असेही समजू नये. पातळ बुडाच्या भांड्यात दूध नि उसळ लागते आणि मग ते घासताना मनगटाचे जे हाल होतात, ते उचलण्यापेक्षा जास्त असतात. शिवाय फारच हलके पातेले ढवळताना शेगडीवर फिरते आणि दुसरा हात त्याला धरण्यात अडकतो. माझ्या अनुभवाने मध्यम जाडीच्या बुडाचे, पण आकाराने लहान भांडे सोयीचे पडते. दोघांच्या स्वयंपाकाला पाच लिटरचा कुकर काढायची सवय मी मोडली. आता तीन लिटरचा वापरते. त्याला लांब दांड्याच्या समोर छोटा कानही आहे. कुकरचे झाकण घट्ट बसत असेल तर आधी रिंग बदलून पाहावी, कारण जुनी रिंग कडक झाली की वाफ पूर्ण गेल्यावरही झाकण फिरवायला दुप्पट जोर लागतो. दांड्याचे स्क्रू ढिले असतील तर तेही आवळून घ्यावेत. रात्री बोटांना मुंग्या येऊन जाग येत असेल, तर मात्र भांडी बदलण्यात वेळ न घालवता डॉक्टरांना हात दाखवावा.

उत्पादकांना एक विनंती आहे. घरगुती प्रेशर कुकरवर आयएसआय चिन्ह फेब्रुवारी 2021 पासून सक्तीचे आहे, ते योग्यच झाले. माझ्याकडच्या खोक्यांवर लिटर, बुडाचा व्यास, इंडक्शनवर चालते की नाही हे सगळे ठळक छापलेले आहे. भांड्याचे रिकामे वजन मात्र एकावरही सापडले नाही. ते किंमतीशेजारी, चष्म्याशिवाय वाचता येईल अशा अक्षरांत छापायला कितीसा खर्च येणार आहे? धनत्रयोदशीला घरोघरी भांडे घेतले जाते. त्या आठवड्यात दुकानदारांनी गल्ल्याजवळ एक पाण्याची बादली आणि तांब्या ठेवावा, आणि कोणी भांडे भरून उचलून पाहिले तर हसू नये.

आपली नम्र,
एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे