बाणाची अवजारं भंगारात देण्याआधी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीची साफसफाई निघाली की वडिलांच्या पेट्या माळ्यावरून उतरतात आणि भंगारवाल्याच्या काट्यावर चढतात. गडचिरोली-मेळघाटाकडे अशा पेटीत बाण तयार करण्याची अवजारंही असू शकतात. घरात ती कुणाला ओळखू येत नाहीत, म्हणून हे पत्र.

पेटी तिरकमठा करणाऱ्याची की शाळेत तिरंदाजी शिकवणाऱ्याची, हे आधी पाहा. पहिलीत लोहारकाम आणि कोयता-सुरी, दुसरीत इंचांच्या मापाची साधनं.

पहिलीतली सर्वांत आधी फेकली जाणारी वस्तू म्हणजे तिरपं भोक पाडलेली कठीण लाकडाची किंवा शिंगाची दांडी. तुटक्या मुठीसारखी दिसते ना! मानवेलाची, म्हणजे भरीव बांबूची, कांडी निखाऱ्यावर शेकायची, सालीवर तकाकी आली की वाकलेला भाग या भोकात अडकवून उलट दिशेनं दाबायचा आणि गार होईपर्यंत धरून ठेवायचा. लवकर सोडली तर बाक परत येतो, जास्त शेकली तर कांडी तिथेच मोडते. भोकाच्या समोरासमोरच्या कडा झिजून गुळगुळीत आणि आतली बाजू करपलेली असेल तर शंकाच नको. निमुळत्या लोखंडी सळीलाही टोचा समजू नका. टोच्याचं डोकं घावांनी पसरलेलं असतं. पत्रा गुंडाळून बाणाच्या फाळाची नळी ज्या सळीवर वळवतात, तिचं डोकं शाबूत आणि घाव मात्र अंगावर असतात.

दुसऱ्या पेटीत पेन्सिलच्या शार्पनरसारखं, दोन भोकांचं साधन असतं. एक भोक ५ अंशांचा लांब उतार काढतं, तो फाळासाठी. दुसरं ११.५ अंशांचा आखूड उतार काढतं, तो दोरीच्या खाचेच्या टोपीसाठी. भोकं व्हर्नियरनं मोजा. ७.९, ८.७ किंवा ९.१ मिलिमीटर आलं तर ती ५/१६, ११/३२ आणि २३/६४ इंचांची लाकडी कांड्यांची मापं आहेत. पात्याला कानस लावू नका. उतार बदलला की फाळ तिरका बसतो.

सुटं वजन सापडलं तर तोलून पाहा. ९०७ ग्रॅम, म्हणजे २ पौंड भरलं, तर ते किराणा दुकानाचं नसावं. कांडी किती ताठ आहे ते मोजायला २६ इंच अंतरावरच्या दोन टेकूंवर ती ठेवून हे वजन मधोमध टांगतात. कांडी अर्धा इंच वाकली तर २६ भागिले ०.५, म्हणजे ती ५२ पौंड ताणाच्या धनुष्याची. टेकू २८ इंचांवर आणि वजन ८८० ग्रॅम असेल तर ते धातूच्या किंवा कार्बनच्या बाणांसाठीचं. वजन आणि टेकू वेगवेगळे विकले की दोन्ही लोखंडच.

लांब चिमटा आणि खाली फिरणारी बैठक असं जोडसाधन पिसं चिकटवण्याचं. बैठक फिरवा; एका फेरीत तीन ठिकाणी अडकली तर खात्री झाली. चिमटा सरळ आहे की डाव्या-उजव्या पिळाचा, तेही बघा, कारण उजव्या पंखाचं पीस डाव्या पिळात धरलं तर बुडखा उचलला जातो. वाळलेला गोंद ॲसिटोननं निघतो, पण ते प्लॅस्टिकवर सांडू देऊ नका.

दोन खुंट्यांमध्ये पिसाच्या आकाराची तार ताणलेली फळी दिसली तर ती चालू करून पाहण्याचा मोह टाळा. तार तापवून पिसं कापण्याचं ते यंत्र ट्रान्सफॉर्मरवर चालतं. थेट २३० व्होल्ट दिले तर तार जळेल आणि माणसाच्या जिवावरही बेतेल.

गंज काढायला तारेचा ब्रश नको, मशीनचं तेल आणि चिंधी पुरे. लाकडाला जवसाचं तेल चालतं, मात्र त्या चिंध्या बोळा करून ठेवू नका, त्या आपोआप पेट घेतात. उघड्यावर पसरून वाळवा.

पेटीतली जुनी पिसं विकायला काढू नका. गिधाड-ससाण्यासारख्या पक्ष्यांची असतील तर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ आडवा येतो. आधी वनविभागाला विचारा. आणि काहीही हलवण्यापूर्वी पेटीतली मांडणी जशीच्या तशी फोटोत घ्या. कोणतं साधन कशासोबत ठेवलं होतं, ते पुढे त्यावरूनच कळतं.

आपले,
बाण व तिरंदाजी साहित्य दुरुस्त करणारे,
जि. गडचिरोली