एअर इंडियाची इमारत घेतलीत, आता तिचा तळमजला लोकांना द्या

मा. सार्वजनिक बांधकाम मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई यांस,

स. न. वि. वि.

नरिमन पॉइंटची २३ मजली एअर इंडिया इमारत राज्याने १,६०१ कोटी रुपयांना घेतली. मार्च २०२४ मध्ये केंद्राने या व्यवहाराला मंजुरी दिली. खरेदीबद्दल माझी तक्रार नाही. २१ जून २०१२ला मंत्रालयाचे वरचे मजले जळाले आणि खाती विखुरली. आजही शासन निर्णयांवर जी. टी. रुग्णालय संकुलाचा पत्ता दिसतो. गडचिरोलीहून अर्ज घेऊन आलेल्या माणसाला आपला कक्ष अधिकारी नेमका कुठे बसतो, हे शोधण्यातच दुपार होते. सुमारे ४६,४७० चौरस मीटर जागा मिळाली, हे चांगलंच झालं.

धास्ती आहे ती पुढच्या कामाची. आपल्या खात्याची सवय सगळ्यांना माहीत आहे: आत प्लायवूडचे कप्पे, बाहेर खिडकीखाली एसीची खोकी, गच्चीवर पत्र्याची शेड. ही इमारत काही वारसा यादीतल्या दगडी वास्तूंसारखी नाही. समुद्र हटवून केलेल्या जमिनीवर १९७४ साली ती उभी राहिली, आराखडा न्यूयॉर्कच्या जॉन बर्गी यांचा. मला स्वतःला ती फारशी देखणी वाटत नाही. शेजारच्या आर्ट डेको शैलीतल्या घरांपुढे जरा रुक्षच. पण वयाने कमी म्हणून वास्तू कवडीमोलाची ठरवली की काय होतं, ते दिल्लीने दाखवलंय. प्रगती मैदानातलं १९७२चं ‘हॉल ऑफ नेशन्स’ हे प्रदर्शन दालन एप्रिल २०१७ मध्ये एका रात्रीत पाडलं गेलं. साठ वर्षं पुरी झाली नव्हती, एवढंच कारण वारसा समितीला पुरलं.

या इमारतीतून चालणारी कंपनी साधी नव्हती. बी. प्रभा, हुसेन, गायतोंडे यांची चित्रं नावारूपाला येत असताना तिने ती विकत घेतली. स्पॅनिश चित्रकार साल्वादोर दालीकडून राखदाण्या करून घेतल्या आणि मोबदल्यात हत्तीचं पिल्लू पाठवलं! (आज असा प्रस्ताव वित्त विभागाकडे गेला तर शेरा काय येईल, याची कल्पना करवत नाही.) तो संग्रह आता राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाच्या वाट्याला आला आहे आणि त्यांची मुंबईतली शाखा काळा घोड्याला, म्हणजे हाकेच्या अंतरावर आहे. त्यातली काही चित्रं तळमजल्यासाठी उसनी मागा. नाही म्हणाले तर म्हणाले.

तळमजल्यावर प्रवेशपासाच्या खिडकीपलीकडेही काही हवं. मंत्रालयाच्या गार्डन गेटवर उन्हात ताटकळणारी माणसं आपण रोज पाहता. इथे बसायला बाकं, पाणी, स्वच्छतागृह आणि कुठलं खातं कितव्या मजल्यावर हे मराठीत ठळक लिहिलेला फलक, एवढं तरी पासाशिवाय मिळावं.

आणि १२ मार्च १९९३. त्या दुपारी याच इमारतीत मोटारीतला बॉम्ब फुटला, २० माणसं गेली. त्यांची नावं आत येणाऱ्या कुणालाही वाचता येतील अशा भिंतीवर असावीत. मंत्र्यांच्या लिफ्टशेजारी नकोत.

शेवटचा मुद्दा संरचनात्मक तपासणीचा. तीस वर्षांवरच्या इमारतींना ती मुंबईत बंधनकारक आहे. इथे तर पन्नास वर्षांची खारी हवा आहे आणि वर तो स्फोट. काँक्रीटमधली सळई किती गंजली, हे भिंतीला रंग लावून कळत नाही. अहवाल आपल्याकडे असेल, तर तो खात्याच्या संकेतस्थळावर टाका. नसेल, तर अंतर्गत सजावटीची निविदा त्याच्याआधी काढू नका.

कळावे,
आपला,
एक मुंबईकर करदाता