आईच्या ताटातलं खोबरं

फोंडा, २ सप्टेंबर

प्रिय दत्ता,

काल तू म्हणालास, "स्तनाच्या कर्करोगाची गाठ चरबीवर वाढते म्हणे, म्हणून आईचं खोबरं बंद केलं." तेव्हापासून मला चैन नाही. फोनवर धड बोलता आलं नाही, म्हणून लिहायला बसलो.

तू ऐकलंस त्यात तथ्य आहे. एका पेशीच्या दोन व्हायच्या तर नवं आवरण लागतं, आणि ते मुख्यतः मेदाचं. पण स्तनाच्या गाठीतल्या बऱ्याच पेशी त्यासाठी ताटाकडे बघत बसत नाहीत. साखरेपासून मिळालेले दोन-दोन कार्बनचे तुकडे जोडत त्या सोळा कार्बनचं पाल्मिटिक आम्ल स्वतःच बनवतात. हे काम करणारं विकर, म्हणजे एन्झाइम, ते फॅटी ॲसिड सिंथेज. बहुतेक निरोगी पेशींत ते मंद असतं, पुष्कळ गाठींत मात्र उदंड. गंभीर स्तनकर्करोगात आढळणारं एक प्रथिन म्हणजे हेच विकर, हे १९९४ मध्ये उमगलं. शिवाय स्तनात मुळातच चरबी भरपूर. गाठ शेजारच्या चरबीपेशींकडून साठवलेला मेद सोडवून घेते. ट्रिपल निगेटिव्ह, म्हणजे संप्रेरकांचे आणि HER2 चे ग्राहक नसलेल्या, प्रकारातल्या काही गाठी तर मेद जाळून ऊर्जाही मिळवतात. म्हणजे खोबरं बंद करून गाठीचं कोठार रिकामं होत नाही रे, आईचं होतं.

आईच्या लेट्रोझोल गोळीचा संबंधही चरबीशीच आहे. पाळी गेल्यावर बीजकोश थंडावतात, पण चरबीतलं अरोमॅटेज हे विकर इस्ट्रोजेन हे संप्रेरक बनवत राहतं. आईची गाठ त्या संप्रेरकावर पोसणारी, म्हणून अरोमॅटेजला अडवणारी ही गोळी. पाळीनंतरच्या लठ्ठपणाने धोका वाढतो तो बऱ्याच अंशी यामुळेच. पण तुझी आई आधीच काटकुळी!

माझ्या ताईच्या केमोच्या वेळी मीही हेच केलं होतं. शीतकडी (भात आणि नारळाची आमटी) बंद, नुस्तं (मासळी) बंद, डब्यात नुसत्या उकडलेल्या भाज्या. बांबोळीच्या इस्पितळातून परतताना ती खिडकीकडे तोंड करून बसायची, बोलायची नाही. सहा किलो घटली. "घरी जेवायला घालता ना?" असं डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा मान वर करता आली नाही मला. आजही तो प्रश्न आठवला की घास घशात अडकतो.

आहारतज्ज्ञांना उद्याच विचार, प्रमाण ते सांगतील. तोवर आईला पोटभर जेवू दे.

चवथीच्या आदल्या दिवशी मी येतो. नेवऱ्या (करंज्या) आमच्याकडून आणीन, आईला चुलीपाशी बसू देऊ नकोस. आणि आमच्या माडाचे चार नारळही आणतो.

तुझा,
विनू